बागेत बेडूक मरतायत आणि "आम्ही तर काहीच फवारलं नाही"

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला, फोटो मोठे करून करून बघितले आणि मग लिहायला बसले, त्यामुळं उत्तर जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी मला जे समजलंय ते सांगते, चुकत असेल तर दुरुस्त करा. कोल्हापूरजवळ पाचगावच्या बाजूला घर, घर सोडून दोनेक गुंठे बाग. मृगाचे दोन चांगले पाऊस झाले, बेडूक ओरडायला लागले, आणि त्यानंतरच्या आठ दिवसांत सात बेडूक मेलेले सापडले. पाच पश्चिमेच्या कंपाऊंडच्या कडेनं आणि दोन कमळाच्या हौदात. कुणाच्या अंगावर जखम नाही. हौदातले गप्पी मासे मात्र मजेत फिरतायत. घरात चार वर्षांचं पोरगं आणि एक कुत्रं, म्हणून तुम्हाला रोगाची काळजी, आणि आईंना वाटतंय की हे काही चांगलं लक्षण नाही. आणि शेवटी तुम्ही ठासून लिहिलंय, "आम्ही कसलंच औषध मारत नाही."

हे शेवटचं वाक्य मी गेल्या 22 वर्षांत बागांची कामं घेताना इतक्या वेळा ऐकलंय की विचारू नका, आणि गंमत म्हणजे कुणीही खोटं बोलत नसतं. आपल्याकडं औषध म्हणजे पंप पाठीला लावून मारतात तेच. मुंग्यांची पावडर, खडू, फिनेल, ब्लिचिंग, चुना, मीठ, वाळवीवाला येऊन भोकं पाडून सोडून गेला ते, यातलं काहीच आपण औषधात धरत नाही. म्हणून मी कधीच विचारत नाही की काय फवारलं. मी विचारते, गेल्या दहा-पंधरा दिवसांत तुमच्या जमिनीला, फरशीला, पाण्याला आणि भिंतीपलीकडं काय काय लागलं?

असं का विचारायचं, तर बेडूक तोंडानं पाणी पीत नाही. पोटाच्या खालच्या अंगाला, दोन मांड्यांच्या मध्ये जी पातळ कातडी असते तिच्यातनं तो पाणी ओढून घेतो. पाऊस पडून गेल्यावर ओल्या फरशीवर बेडूक भाकरीसारखा चपटा पसरून बसलेला बघितला असेल तुम्ही, आपल्याला वाटतं निवांत बसलाय, तर तो पाणी पीत असतो. श्वाससुद्धा बराचसा कातडीनंच घेतो. आता त्याच फरशीवर सकाळी कुणी काय ओतलं असेल तर ते त्याच्या पोटात जायला तोंडाची गरजच नाही. कुत्रं, मांजर, आपण, सगळे त्यावरनं चालून जाऊ, बहुतेक लगेच काही जाणवणार नाही, आणि बेडूक दहा मिनिटं बसला की संपला.

आता एक कबूल करते, फोटोवरनं कारण छातीठोक सांगता येत नाही. मेलेला बेडूक एका दिवसात फुगतो, रंग उडतो, पोट लालसर दिसायला लागतं, मग लोक म्हणतात विषानं फुगला. तसं नसतं, कशानंही मेला तरी पावसाळ्यात तो फुगणारच. त्यामुळं मी मेलेल्या बेडकापेक्षा जागा, वेळ आणि किती जातींचे मेले हे बघते.

एखाददुसरा मेला तर मी मनावरही घेत नाही. हंगाम असतो. मोठ्या बुलफ्रॉगची मादी हजारोंनी अंडी घालते, त्यातली जवळपास सगळी पिल्लं कुणाच्या ना कुणाच्या पोटात जायची असतात. पहिल्या पावसाला नर पिवळेजर्द होऊन एकेका मादीवर तीन-चार जण चढतात, त्या गर्दीत मादी पाण्यात गुदमरून मरते, असं मी स्वतः शेततळ्यावर बघितलंय. मांजर खेळून खेळून सोडून देतं, विशेषतः तो खडबडीत कातडीचा, ज्याला पुस्तकात भेक म्हणतात, कारण त्याच्या डोळ्यामागच्या गाठींतनं विषारी चीक येतो आणि मांजराच्या तोंडाला फेस येतो. साप मात्र मारून टाकून जात नाही, दिवड किंवा धामणीनं धरला तर तो गिळलेलाच असतो, मागं काही उरत नाही. त्यामुळं "सापानं मारले असतील" हे मनातनं काढा.

मे महिन्यात हाच प्रश्न आला असता तर मी वेगळं उत्तर दिलं असतं. आपल्याकडं वळीव पडतो, जमिनीत दडून बसलेले बेडूक त्या एका पावसावर वर येतात, आणि मग पुढं दहा-बारा दिवस कडक ऊन. ओल नाही, परत पुरून घ्यायला जमीन घट्ट झालेली, असे सुकून चामड्यासारखे झालेले बेडूक सापडतात. तुमचे मेलेत ते ओल्या जमिनीत, अंगानं भरलेले, त्यामुळं हे कारण बसत नाही.

हौदाचं बघू. गप्पी मासे जिवंत आहेत ही फार मोठी गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीय. पाण्यात कीटकनाशक उतरलं असतं, विशेषतः डासांच्या नि झुरळांच्या स्प्रेमध्ये असतं त्या प्रकारचं, तर मासे बेडकांच्या आधी गेले असते, माशांना ती फारच जालीम. पाण्यातली हवा कमी झाली असती तरी मासे पहाटे वर येऊन तोंडं उघडत बसले असते, मोठ्या बेडकाला फुप्फुसं आहेत, तो वर येऊन श्वास घेतो. म्हणजे पाणी बहुतेक ठीक आहे. मग हौदात दोन मेले कसे? दोन शक्यता. एक, दुसरीकडं काहीतरी लागलेला बेडूक आग व्हायला लागल्यावर पाण्याकडं धावतो आणि तिथं मरतो, हे मी बऱ्याचदा बघितलंय. आणि दोन, सरळ बुडून.

हसू नका, बेडूक बुडतो. मला हे माझ्याच चुकीनं कळलं. एका बंगल्यात मी हौसेनं गोल हौद बांधून घेतला, आतनं निळ्या गुळगुळीत टाइल्स, काठापर्यंत सात-आठ इंच मोकळी भिंत, दिसायला एकदम झकास. पहिल्याच पावसाळ्यात बाईंचा फोन, रोज एक मेलेला सापडतोय. मी पाणी बदललं, कमळाचं खत बंद केलं, माळ्यावर संशय घेतला, बिचारा शपथा घेत होता. शेवटी एका रात्री पावणेअकराला बॅटरी घेऊन जाऊन बसले. एक जाडजूड भेक आत पडला, कडेकडेनं फिरतोय, पुढचे पाय टाइलवर टेकवतोय, घसरतोय, परत फिरतोय. पाय टेकायला तळ नाही त्यामुळं उडी मारता येईना. पाऊण तास मी ते बघत होते आणि मला माझीच लाज वाटायला लागली. दुसऱ्या दिवशी एक खरखरीत फळी तिरकी लावली, एक टोक पाण्यात, एक काठावर, आणि मरायचे थांबले. तुमच्या हौदाचा काठ फोटोत सिमेंटचा घोटून काढलेला दिसतोय आणि पाणी खाली गेलंय. तेव्हा कारण हे असो वा नसो, आजच एक फळी किंवा दगडांची उतरंड लावा, खर्च शून्य.

रोगाचं बोलायचं तर तुम्ही नेटवर वाचलेली ती बेडकांच्या कातडीवरची बुरशी (कायट्रिड) खरी आहे, 1999 साली तिचं शास्त्रीय वर्णन झालं, ऑस्ट्रेलिया आणि मध्य अमेरिकेत तिनं बेडकांच्या जातीच्या जाती संपवल्या. पश्चिम घाटातल्या बेडकांवरही ती सापडलीय. पण तिकडच्यासारखी घाऊक मर आपल्याकडं दिसलेली नाही, आणि तिला थंडावा लागतो, 28 डिग्रीच्या वर ती ढेपाळते. शिवाय रोगाची चाल वेगळी. रोगट बेडूक आधी कित्येक दिवस मलूल असतो, भर दिवसा उघड्यावर बसतो, हात लावला तरी हलत नाही, हाडं दिसतात, कातडीचे पापुद्रे निघतात. तुमचे सगळे अंगानं चांगले भरलेले आहेत. आणि तुमच्या फोटोंत मला निदान तीन जाती दिसतायत, एक बुलफ्रॉग, दोन भेक आणि बाकी ती छोटी बेडकुळी जी भातात असते. तीन जातींचे धडधाकट बेडूक, एकाच भिंतीच्या कडेला, एकाच आठवड्यात. असं दिसलं की मी रोगाचा विचार मागं ठेवते आणि ती भिंत बघते.

म्हणून आता तुमचा तिसरा फोटो उघडा. बेडकाकडं बघू नका, त्याच्या मागं बघा. शहाबादी फरशी आणि भिंत जिथं मिळते तिथं एक पांढरट पट्टा आहे, साधारण वीतभर रुंद, आणि पाण्याच्या निचऱ्याच्या भोकाखाली तो फाटून बागेच्या वाफ्याकडं ओघळलाय. तुम्ही त्याबद्दल काहीच लिहिलं नाही, बहुतेक तुमच्या लक्षातही आलं नसेल. बेडूक त्या ओघळापासून हातभर अंतरावर पडलाय.

हा पट्टा काय आहे ते मी इथं बसून सांगू शकत नाही पण तुम्ही जाऊन वास घ्या, अगदी नाक लावून नको, हातानं हवा ओढून. काहीच वास नसेल आणि बोटाला भुकटी लागत असेल तर चुना असू शकतो. पोहायच्या तलावासारखा वास असेल तर ब्लिचिंग पावडर. आणि दवाखान्यासारखा, जुन्या सरकारी हॉस्पिटलच्या संडासासारखा वास आला, तर फिनेल किंवा कार्बोलिक. काळं फिनेल पाण्यात पडलं की दुधासारखं पांढरं होतं, पावसात ओघळलं की असाच पट्टा उमटतो. माझा अंदाज विचाराल तर हाच. पावसाळा सुरू झाला की आपल्या कोल्हापुरात निम्म्या घरांत सापाच्या भीतीनं घराभोवती कार्बोलिक नाहीतर फिनेल ओततात, बापजाद्यापासून चालत आलंय. निचऱ्याचं भोक शेजारच्या बाजूनं तुमच्याकडं उतरतंय, त्यामुळं तुम्ही काहीच न करता तुमच्या बागेत आलं असणार. अर्थात शेजाऱ्यांनीच ओतलं असं मी म्हणत नाही, तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींनाही विचारा, बऱ्याचदा बादलीतलं उरलेलं फिनेलचं पाणी त्याच कोपऱ्यात जातं.

यात वाईट वाटण्यासारखं हे की त्यानं साप थांबत नाही. त्या वासानं साप येत नाही हा नुसता समज, मी कार्बोलिक ओतलेल्या पायरीवर दुसऱ्या दिवशी धामण निवांत गेलेली बघितलीय. मरतात ते बेडूक, गांडुळं आणि पाली. सापासाठी करायचंच असेल तर विटांचे आणि डबराचे ढीग हलवा, उंदरांची बिळं बुजवा, दाराखालची फट बंद करा, मोरीच्या भोकाला जाळी लावा.

फिनेल नसेल तर मिठाचं पण विचारा, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. पावसाळ्यात गोगलगायी झाल्या की लोक कंपाऊंडच्या कडेनं खडे मीठ टाकतात, अगदी रांगोळीसारखी रेघ. मीठ गोगलगायीचं जे करतं तेच बेडकाचं करतं, अंगातलं पाणी ओढून घेतं. एका आजोबांच्या बागेत मी आठवडाभर डोकं लावत होते, शेवटी आजीच म्हणाल्या, "मीठ तर आपण खातोच की बाई, त्यानं काय हुतंय?" युरियाचंही तसंच, पाऊस येणार म्हणून संध्याकाळी फोकून दिला, दाणे तसेच वर पडलेले आणि रात्री बेडूक त्यावर बसले. ताजं कोंबडखत उघडं टाकू नये तेही यासाठीच.

वाळवी ट्रीटमेंट अलीकडं झाली असेल तर ते मात्र सगळ्यात आधी सांगा. एका ठिकाणी एका कंपनीनं जोत्याभोवती भोकं पाडून औषध सोडलं, वरचं तसंच सांडलेलं, भोकं बंद केली नाहीत, आणि त्याच रात्री मोठा पाऊस. सकाळी खालच्या कोपऱ्यात अकरा बेडूक, सगळ्यांचे मागचे पाय सरळ ताणलेले, दोन अजून जिवंत होते ते थरथरत होते. अशी औषधं नसांवर काम करतात. जिवंत बेडूक हळूच उताणा, म्हणजे पाठीवर टाकून बघा, धडधाकट असेल तर क्षणात सरळ होतो, आणि त्याला सरळच होता येईना, पाय नुसते ताणले जात असतील तर विषाचा संशय धरा.

पाचगाव म्हणजे आसपास अजून उसाचे फड असतील, तर एक शक्यता तिकडचीही आहे. वळवाच्या पावसानंतर हुमणीचे, म्हणजे उसाची मुळं खाणाऱ्या अळीचे, भुंगेरे जमिनीतनं वर येतात, संध्याकाळी कडुलिंबावर, बाभळीवर बसतात, शेतकरी झाडांवर फवारणी घेतो, भुंगेरे टपाटप खाली पडतात, आणि खाली बेडूक वाट बघतच असतो. पूर्वी हुमणीसाठी फोरेट या कीटकनाशकाचे दाणे सर्रास वापरायचे, 2020 च्या अखेरीस त्यावर बंदी आली. पण असं झालं असतं तर बेडूक बागभर विखरून मेले असते, असे एका रेघेत नाही. एकदा आसपास कडुलिंब आहे का बघून घ्या, एवढंच.

आता काय करायचं. पट्टा पाण्यानं धुऊ नका, ही चूक सगळे करतात, धुतलं की ते सगळं वाफ्यात आणि तिथनं हौदात. त्यावर कोरडी माती नाहीतर लाकडाचा भुसा टाका, शोषलं की खुरप्यानं वरचा इंचभर थर काढून पिशवीत बांधा. निचऱ्याच्या भोकाला तात्पुरती वीट लावा. हौदातलं एक तृतीयांश पाणी बदला, पण नळाचं ताजं पाणी थेट सोडू नका, पिंपात एक दिवस उघडं ठेवा, क्लोरीन उडून जाऊ दे. कुठं थरथरणारा बेडूक सापडला तर ओला हातमोजा घालून उचला, पसरट भांड्यात बोटभर साठवलेलं पाणी घेऊन सावलीत ठेवा, तास-दोन तासांनी पाणी बदला. हळद, दूध, ग्लुकोज काही घालू नका, कृपा करून. सगळे वाचत नाहीत पण काही वाचतात, मागच्या वर्षी पाचातले दोन सकाळी उडी मारून गेले.

पोराची काळजी करू नका, बेडकाचा रोग माणसाला लागण्याची भीती इथं नाही, हात साबणानं धुतले म्हणजे झालं. काळजी त्या पट्ट्याची करा, पोराला आणि कुत्र्याला तो कोपरा चार दिवस बंद. मेलेले बेडूक कचऱ्यात उघडे टाकू नका, कावळे नेतात, खोल खड्ड्यात पुरा. कुत्र्यानं भेक तोंडात धरून फेस यायला लागला तर मान खाली करून तोंड बाजूनं पाण्यानं धुवा, पाणी घशात जाऊ देऊ नका आणि लगेच जनावरांच्या डॉक्टरांकडं.

आईंना सांगा, अपशकुन वगैरे काही नाही. उलट सांगा की एकेकाळी आपल्या देशातनं बेडकांच्या तंगड्या टनांनी परदेशी जायच्या, 1987 साली सरकारनं ती निर्यात बंद केली, कारण शेतातले किडे खाणारं जनावरच संपायला लागलं होतं. त्यांच्या फुलझाडांवरचे किडे फुकटात कोण खातंय ते त्यांना तेव्हा कळेल.

शेजाऱ्यांशी बोलायला जाल तेव्हा पुरावा म्हणून मेलेला बेडूक घेऊन जाऊ नका. मी एकदा आइस्क्रीमच्या डब्यातनं नेला होता, आधी झाकण उघडलं आणि मग बोलायला लागले, सहा महिने त्या घरातनं हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. नुसतं विचारा, "काकू, साप निघाला होता का तुमच्याकडं?" पुढचं त्या आपणहून सांगतील.

आणि वास कसला आला तेवढं मला कळवा. चुना निघाला तर वाफ्यातल्या मातीचं वेगळं करावं लागेल, ते मग सांगते.